पार्श्वभूमी : वाईट वर्षात सरकारचा पैसा कुणाच्या घरी पोचतो

४ मे २०२० रोजी महाराष्ट्राच्या वित्त विभागाने एक शासन निर्णय काढला. विकासकामांसाठी अर्थसंकल्पात धरलेल्या रकमेपैकी ३३ टक्केच निधी मिळेल, नवी कामे काढायची नाहीत, आरोग्याची खाती सोडली तर नोकरभरती करायची नाही. त्याआधी मार्चचा पगारही टप्प्याटप्प्याने द्यावा लागला होता. चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना तो पूर्ण मिळाला, वरच्यांचा काही भाग मागे ठेवला गेला.

कोरोनाच्या टाळेबंदीत दुकाने बंद, गाड्या उभ्या, घरांची खरेदी-विक्री थांबलेली. जीएसटी, इंधनावरचा कर, मुद्रांक शुल्क हे राज्याचे मोठे झरे एकदम आटले. राज्याला नोटा छापता येत नाहीत, आणि कर्ज काढायलाही मर्यादा असते. ती साधारणपणे राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आसपास ठेवलेली असते. केंद्राने त्या वर्षी ती पाच टक्क्यांपर्यंत वाढवून दिली खरी, पण वाढीव दोन टक्क्यांपैकी विनाअट फक्त अर्धा टक्का होता. उरलेले शिधापत्रिका, वीज वितरण, नगरपालिका अशा सुधारणांशी बांधलेले होते. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना हात लावता येत नाही. मग कात्री लागते ती गावच्या रस्त्याला, शाळेच्या खोलीला, बंधाऱ्याला. म्हणजे ज्या कामांवर माणसे लागतात नेमके त्यांनाच, आणि तेही माणसांना कामाची सर्वात जास्त गरज असते तेव्हा. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात खोली घेऊन राहिलेल्या मुलांच्या घरीही त्या भरतीबंदीचा अर्थ लगेच कळला.

हा पेच जुना आहे. महाराष्ट्राने त्यावर एकदा फार मोठे उत्तर शोधले होते, रोजगार हमी योजनेचे, आणि ते आज जवळपास विसरले गेले आहे याचे मला वाईट वाटते.

१९७० नंतर ओळीने पाऊस हुकत गेला आणि १९७२-७३ मध्ये राज्याचा मोठा भाग होरपळला. त्या पिढीच्या लोकांना अजून मिलो ही परदेशातून आलेली लाल ज्वारी आठवते, कामावर खायला मिळणारी सुकडी आठवते, आणि उन्हात खडी फोडलेली आठवते. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशा दुष्काळी कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे होती. माणसे तगली ती हजेरीपटावरच्या मजुरीवर. पण ही कामे म्हणजे मदत होती; सरकारने काढली तर होती, नाही काढली तर नाही.

वि. स. पागे यांनी याच्या आधीपासून वेगळा विचार मांडला होता. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागे यांच्या आग्रहाने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव भागात प्रयोग झाला. मागेल त्याला काम, हे त्याचे सूत्र. दुष्काळाने या सूत्राची गरज सगळ्यांना पटवली. पण प्रश्न उरला पैशाचा. दुष्काळात महसूल बुडतो. हमी द्यायची ती कशाच्या जोरावर?

इथे त्या वेळच्या विधिमंडळाने जे केले ते मला योजनेइतकेच महत्त्वाचे वाटते. १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला. शहरातला नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून तो घ्यायचा आणि रोजगार हमीच्या निधीत टाकायचा. मोटारी, विक्री कर, बागायती जमीन, शहरातल्या अनिवासी इमारती यांवरही जादा आकारणी झाली. नगरपालिकेच्या बिलातला रोजगार हमी उपकर तिथलाच. या करांतून जेवढे येईल तेवढेच सरकारने आपल्या तिजोरीतून घालायचे. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळाले नाही तर दिवसाला एक रुपया बेकारी भत्ता. भत्ता क्षुल्लक होता, पण त्यामुळे काम हा हक्क झाला. पीक बुडालेल्या वर्षी वित्तमंत्र्याच्या मर्जीवर अवलंबून राहायचे कारण उरले नाही.

योजनेची पडझडही झाली. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी महिनोन् महिने अडकली. १९८८ मध्ये मजुरी किमान वेतनाइतकी झाली, जवळपास दुप्पट. त्यानंतर कामावरची संख्या घटली. कामेच कमी काढली जाऊ लागली. कर मात्र वसूल होतच राहिला. पगारपत्रकावरचे व्यवसाय कराचे ते महिन्याचे २०० रुपये कशासाठी कापले जातात हे कापणाऱ्यालाही ठाऊक नसते, अशी आजची स्थिती आहे.

२००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. वर्षाला प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला १०० दिवस कामाची हमी त्यात होती. २०२० च्या मंदीत त्याचा उपयोग दिसला. केंद्राने सुरुवातीला धरलेल्या ६१,५०० कोटींवर मे महिन्यात आणखी ४०,००० कोटी जाहीर केले. राज्य एका हाताने कामे थांबवत असताना मुंबई-पुण्याहून परतलेला मजूर गावात काम मागू शकत होता, कारण कायदा उभा होता. महाराष्ट्रात त्या वर्षीचा दर होता दिवसाला २३८ रुपये. शेतीनेही हात दिला : राज्याच्या २०२०-२१ च्या आर्थिक पाहणीत एकूण अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी घटण्याचा आणि शेती ११.७ टक्क्यांनी वाढण्याचा अंदाज होता.

महाराष्ट्रात शहरांसाठी मात्र असा कायदा कधी झालाच नाही. २०२० मध्ये मुद्रांक शुल्क काही महिने पाचावरून दोन टक्क्यांवर आणले, त्याचा फायदा घर घेऊ शकणाऱ्यांना झाला. पेट्रोल-डिझेलवर १ जून २०२० पासून लिटरमागे दोन रुपये वाढले. ते भाजीच्या टेम्पोतून प्रत्येकाच्या घरी आले. दहा रुपयांची शिवभोजन थाळी त्या काळात पाच रुपयांत मिळत होती, आणि ती खरोखर आधाराची ठरली. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी ५,४७६ कोटींची मदत जाहीर झाली. त्यात परवानाधारक रिक्षाचालक, अधिकृत फेरीवाले, नोंदणीकृत बांधकाम कामगार आणि घरकामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. चार घरची धुणीभांडी करणारी, पण कुठल्याच मंडळाच्या वहीत नाव नसलेली बाई या मदतीत बसत नव्हती. तिला मागता येईल असे कामही शहरात नव्हते. ते मिळवायचे तर गावी परतणे एवढाच मार्ग होता.