फ्लोराइड व बालदंतक्षय

लहान मुलांचे दात किडू नयेत म्हणून फ्लोरिन या मूलद्रव्याच्या लवणांचा, म्हणजे फ्लोराइडांचा, पाणी, टूथपेस्ट किंवा दातांवरील लेप यांच्याद्वारे केला जाणारा उपयोग. हाच पदार्थ दात घडत असताना पोटात जास्त गेला, तर दातांवर कायमचे डाग पाडतो. या विषयाचा सारा इतिहास त्या डागांपासूनच सुरू होतो.

दातांचा आणि फ्लोराइडाचा संबंध प्रथम कोणी ओळखला, याबाबत एकमत नाही. जर्मनीत एर्हार्ट यांनी १८७४ मध्ये दात टिकावेत म्हणून पोटॅशियम फ्लोराइड घेण्याचा सल्ला दिला होता. इंग्लंडमधील जेम्स क्रिक्टन-ब्राउन यांनी १८९२ मध्ये असे मांडले की, कोंडा काढलेल्या पिठामुळे आहारातील फ्लोरिन घटते आणि त्यामुळे दात किडतात. या दोन्ही मतांमागे मोजमाप नव्हते, त्यामुळे त्यांना शोध म्हणण्यापेक्षा तर्क म्हणणे अधिक योग्य ठरेल. फ्रेडरिक मॅके हे दंतवैद्य १९०१ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे आले, तेव्हा तेथे वाढलेल्या अनेकांच्या दातांवर त्यांना तपकिरी डाग आढळले. पुढे ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक या नामांकित दंतवैद्यांसह केलेल्या अभ्यासात, डागाळलेले हे दात सदोष असूनही सहजी किडत नाहीत, असे त्यांच्या लक्षात आले. पाण्याविषयी संशय होता, पण पाण्यातील नेमका घटक सापडत नव्हता. आयडाहोतील ओकली गावी नवी नळयोजना झाल्यावर मुलांच्या दातांवर डाग येऊ लागले. मॅके यांच्या सल्ल्याने गावाने पाण्याचा स्रोत बदलला आणि नंतरच्या मुलांचे दात स्वच्छ आले.

तो घटक १९३१ मध्ये तीन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, उघड झाला. अमेरिकेतील एका ॲल्युमिनियम कंपनीचे रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी आर्कान्सामधील बॉक्साइट या गावच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १३.७ मिग्रॅ. फ्लोराइड मोजले, डागांचा ठपका ॲल्युमिनियमवर येईल, ही चिंता त्यांच्या तपासणीमागे होती. ॲरिझोनात मार्गारेट स्मिथ, एडिथ लँट्झ व हॉवर्ड स्मिथ यांनी उंदरांवरील प्रयोगांतून, तर उत्तर आफ्रिकेत व्हेल्यू यांनी फॉस्फेटयुक्त प्रदेशातील जनावरांच्या दातांवरून तोच निष्कर्ष काढला. अनेक ग्रंथ केवळ चर्चिल यांचे नाव देतात. परंतु मोजणी त्यांची असली, तरी कार्यकारणभाव प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय ॲरिझोनाच्या गटाकडे जाते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

संरक्षणाचा पुरावा त्यानंतरचा आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील दंतवैद्य एच. ट्रेंडली डीन यांनी तेथील २१ शहरांतील १२ ते १४ वर्षे वयाच्या ७,२५७ मुलांचे दात तपासले. पाण्यात लिटरमागे सुमारे १ मिग्रॅ. फ्लोराइड असल्यास कीड बरीच कमी आढळते आणि डागही फारसे पडत नाहीत, हे त्यांनी १९४० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवले. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स येथे पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ झाला. तुलनेसाठी ठेवलेल्या मस्कीगन शहरानेही १९५१ मध्ये तेच केल्यामुळे ही तुलना मध्येच खंडित झाली, ही गोष्ट त्या प्रयोगाचे आकडे वाचताना विसरता कामा नये.

पाणी पोटात जाते, म्हणून फ्लोराइड रक्तावाटे घडणाऱ्या दातात शिरून त्याला कणखर करते, असा समज दीर्घकाळ होता. १९८० च्या दशकापासून मात्र मुख्य कार्य उगवलेल्या दाताच्या पृष्ठभागावरच घडते, या मताकडे अभ्यासकांचा कल झुकला. गोड खाल्ल्यावर दातांवरील कीटणातील (दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील) जिवाणू आम्ल तयार करतात. पीएच मूल्य (आम्लता जितकी जास्त, तितके हे मूल्य कमी) सुमारे ५.५ च्या खाली गेले की दंतवल्कातील, म्हणजे दाताच्या सर्वांत बाहेरच्या कठीण आवरणातील, कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात, आणि लाळेमुळे आम्लता ओसरली की ती पुन्हा जमतात. लाळेत व कीटणात अत्यल्प फ्लोराइड असले, तरी ते स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटून विरघळणे मंदावते, क्षार परत जमण्याचा वेग वाढवते आणि तेथे आम्लाला अधिक दाद न देणारा थर तयार होतो. याच्या पुष्ट्यर्थ शार्क माशाचे उदाहरण देतात. त्याचे दंतवल्क जवळजवळ शुद्ध फ्लोरॲपटाइटचे, म्हणजे फ्लोराइडयुक्त कॅल्शियम फॉस्फेटाच्या खनिजाचे, असते. तरीही १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याचे तुकडे माणसाच्या तोंडात ठेवले असता त्यांतूनही क्षार झिजले. म्हणजे स्फटिकात कोंडलेल्या फ्लोराइडापेक्षा तोंडात थोडे थोडे, पण रोज उपलब्ध असणारे फ्लोराइड मोलाचे ठरते.

रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचा वरचा ओठ उचलून पाहिल्यास, समोरच्या दुधाच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते. ही किडीची पहिली खूण असून खड्डा पडण्यापूर्वी ती थोपवता येते. यासाठी दंतवैद्य ५ टक्के सोडियम फ्लोराइडाचे व्हार्निश (दाताला चिकटून राहणारा लेप) लावतात. ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडाने खड्डा पडलेल्या दातातली कीडही थांबते, पण तो भाग काळा पडतो. घरी तीन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी टूथपेस्ट पुरते. ब्रशभर पेस्ट पिळणे व ती मुलाने गिळणे, दोन्ही टाळावे. भारतात टूथपेस्टमधील फ्लोराइड दशलक्ष भागांत १,००० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे.

भारतात पाण्यात फ्लोराइड मिसळण्याऐवजी अनेक ठिकाणी ते काढण्याचाच प्रश्न आहे. पाण्यातील जास्त फ्लोराइडामुळे आंध्र प्रदेशातील नेल्लोर भागात होणाऱ्या हाडांच्या विकृतीचे वर्णन शॉर्ट व सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये केले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिग्रॅ. ही स्वीकार्य, तर पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिग्रॅ. ही कमाल मर्यादा आहे. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरवेलमध्ये ती ओलांडली जाते. तुरटी व चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) विकसित केली. अशा गावांत मूल आठ वर्षांचे होईपर्यंत त्याच्या पिण्याचे पाणी तपासलेले असणे महत्त्वाचे आहे, कारण पुढे येणाऱ्या बहुतेक कायमच्या दातांचे दंतवल्क त्याच काळात हिरडीखाली घडत असते.