सोर्समधून बिल्ड करणे

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) उतरवून घेऊन आपल्याच संगणकावर त्यापासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याची क्रिया. तयार पॅकेज एका आज्ञेसरशी मिळत असताना हा खटाटोप करावा लागतो, कारण पॅकेजमधली आवृत्ती जुनी असते, हवी ती सोय त्यात बंद ठेवलेली असते किंवा कोडमध्ये स्वतःच बदल करायचा असतो.

१९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘कर्ल’ हे टर्मिनलवरून फायली उतरवणारे साधन उदाहरणादाखल घेऊ. त्याची टार फाइल (सगळा कोड बांधून ठेवलेले गाठोडे) सोडवली की आत ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट मिळते. सी कंपायलर (सी भाषेतला कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) आहे का, कोणत्या लायब्ऱ्या (प्रोग्रामांना वापरता येणारे तयार कोडसंच) आहेत, हे तपासून ती मेकफाइल, म्हणजे बिल्डच्या पायऱ्यांची यादी, लिहिते. ती वाचून काम करवतो तो ‘मेक’ हा प्रोग्राम. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो १९७६ मध्ये लिहिला. बदललेल्या फायलीच पुन्हा कंपाइल करायच्या, हा त्याचा मोठा गुण. शेवटी ‘मेक इन्स्टॉल’ दिले की प्रोग्राम जागेवर बसतो.

गाडी अडते ती बहुधा कॉन्फिगरपाशीच. ओपनएसएसएल ही सुरक्षित जोडणीसाठीची लायब्ररी संगणकावर असते, तरी ती सापडत नाही अशी तक्रार येते. प्रोग्राम चालवण्यापुरती लायब्ररी असते, पण लायब्ररीत काय काय आहे हे कंपायलरला सांगणाऱ्या हेडर फायली नसतात. डेबियन आणि उबंटू या लिनक्स प्रणालींवर त्या ‘डेव्ह’ने संपणाऱ्या वेगळ्या पॅकेजात मिळतात. पडद्यावर चुकांची रांग लागली तर वर सरकून पहिली चूक वाचावी. खालच्या पुष्कळशा तिच्यातूनच निघालेल्या असतात.

मुंबईतल्या कॉलेजच्या लॅबमध्ये विद्यार्थ्याच्या हाती सहसा रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड नसतो. त्यावाचून अडत नाही. कॉन्फिगर चालवतानाच ‘प्रीफिक्स’ (प्रोग्राम बसवायची जागा) म्हणून आपली होम डिरेक्टरी द्यावी आणि तिथली ‘बिन’ डिरेक्टरी ‘पाथ’मध्ये (आज्ञा शोधण्याच्या जागांच्या यादीत) सर्वांत पुढे जोडावी. इतरांच्या कामाला धक्का लागत नाही आणि नको झाल्यास प्रोग्राम काढून टाकणेही सोपे जाते. शिकणाऱ्याने याच वाटेने जाणे उत्तम.

या कामाचा सर्वांत कसदार धडा पवईत शिकवला गेला. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरच्या कार्यशाळांत चक्क जीसीसी हा कंपायलरच सोर्समधून बिल्ड करण्याचा अभ्यास असे. कंपायलर बांधायला आधी कंपायलर लागतो, म्हणून हे काम तीन फेऱ्यांत चालते. संगणकावरचा जुना कंपायलर पहिला जीसीसी घडवतो, तो दुसरा घडवतो आणि दुसरा तिसरा. मग दुसऱ्या व तिसऱ्या फेरीच्या ऑब्जेक्ट फायली (कंपाइल होऊन निघालेल्या फायली) ताडून पाहतात. त्या जुळल्या नाहीत, तर बिल्ड तिथेच थांबते.