बर्मिंगहॅमची बाल्टी आणि करी हाउसमधली बाल्टी

ब्रिटनमधल्या कुठल्याही लहानमोठ्या गावच्या ‘इंडियन’मध्ये, म्हणजे भारतीय म्हणवणाऱ्या हॉटेलात गेलात तर मेन्यूकार्डावर कोर्मा, मद्रास, विंदालू, धनसाक यांच्या रांगेत बाल्टीही दिसते. बर्मिंगहॅमच्या लेडीपूल रोडवर तर दुकानाच्या पाटीवरच बाल्टी लिहिलेलं असतं. गावच्या ‘इंडियन’मध्ये ती साठ-सत्तर पदार्थांतला एक पदार्थ असते. बर्मिंगहॅममध्ये ती रांधायची आणि वाढायची आख्खी पद्धत आहे. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेली आपली मंडळी बहुधा पहिली खातात आणि दुसरीबद्दल मत बनवून मोकळी होतात.

आधी करी हाउसचा, म्हणजे या गावोगावच्या ‘इंडियन’चा भटारखाना बघू. ब्रिटनमधली बहुतेक ‘इंडियन’ हॉटेलं बांगलादेशी लोकांची, त्यातही एकाच सिल्हेट भागातल्या लोकांची. इंग्रजांच्या जहाजांवर खलाशी म्हणून गेलेले सिल्हेटी लंडनच्या गोदीत उतरले, काही जण परत जहाजावर चढलेच नाहीत. हॉटेलांत भांडी घासता घासता ते स्वयंपाक शिकले, दुसऱ्या महायुद्धानंतर पडीक कॅफे स्वस्तात घेऊन स्वतःची हॉटेलं थाटू लागले आणि पब बंद झाल्यावर येणाऱ्या भुकेल्या गिऱ्हाइकासाठी रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवू लागले. अशा वेळी सगळे एकदम येतात, प्रत्येकाला वेगळं हवं असतं आणि कुणालाच थांबायचं नसतं. त्यातून त्यांची पद्धत तयार झाली.

मोठ्या पातेल्यात कांदा, त्याच्या जोडीला थोडं गाजर, ढोबळी मिरची, आलं-लसूण, टोमॅटो, तेल आणि हळद-धने-जिरे, हे सगळं मऊ शिजवून वाटतात. ही झाली बेस ग्रेव्ही, सूपासारखी पातळ. चिकन आणि मटण वेगवेगळं शिजवून ठेवलेलं असतं, मसाल्याची मिक्स पावडर डब्यात तयार असते. ऑर्डर आली की ॲल्युमिनियमच्या दांड्याच्या पॅनमध्ये तेल, आलं-लसूण पेस्ट, पावडर आणि टोमॅटो प्युरी परततात, मग डावभर ग्रेव्ही मोठ्या आचेवर कडेला करपेपर्यंत आटवतात, मग चिकन आणि पुन्हा ग्रेव्ही. दहा मिनिटांच्या आत पदार्थ टेबलावर. नारळ, क्रीम आणि साखर घातली की कोर्मा, मिरची वाढवली की मद्रास, आणखी वाढवून बटाटा टाकला की विंदालू. त्याच्याही वर फाल, जो खाण्यापेक्षा पैज लावण्यासाठी जास्त मागवला जातो.

इथे गोव्याचा माणूस हमखास भडकतो, आणि त्याचं बरोबर आहे. ख्रिस्ती घरातलं विंदालू म्हणजे माडाच्या व्हिनेगरमध्ये आणि लसणीत मुरवलेलं डुकराचं मांस, त्यात बटाट्याचं काय काम? धनसाकचंही तेच. पारशी घरात ते डाळी, लाल भोपळा आणि मटणाचं, ब्राउन राइसबरोबर खायचं भरभक्कम जेवण, आणि घरात कुणी गेल्यानंतर चौथ्या दिवशी करतात म्हणून शुभकार्याला वर्ज्य. करी हाउसमध्ये ते आंबट-गोड-तिखट डाळीतलं चिकन होतं, काही ठिकाणी वर अननसाची चकती. पण फार नाकं मुरडण्याआधी आपल्या हायवेवरच्या हॉटेलांत डोकावावं. तिथेही लाल, पांढरी आणि पिवळी ग्रेव्ही सकाळीच तयार असते, आणि त्यातल्या लाल ग्रेव्हीतून निघणारं ‘व्हेज कोल्हापुरी’ कोल्हापुरातल्या किती घरांत शिजतं?

करी हाउसचे मालक आणि स्वयंपाकी घरी असं काही खात नाहीत. सिल्हेटी घरात सातकोरा नावाचं कडसर आंबट लिंबू घालून केलेलं मांस, सुकी मासळी, छोट्या माशांचे पातळ रस्से असतात. हॉटेलातही कामगारांसाठी वेगळी ‘स्टाफ करी’ होते, हाडासकट मटणाची. ओळख असेल तर मागून बघावी.

आता बर्मिंगहॅम. तिथली बाल्टी सिल्हेटी लोकांची नाही, पाकिस्तानी लोकांची, आणि त्यातले फार जण पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरचे. १९६० च्या दशकात मंगला धरणाखाली मीरपूरची गावं गेली, लाखाच्या आसपास माणसं उठली, त्यातली बरीच ब्रिटनच्या कारखान्यांत आली. स्पार्कब्रुक, बॉलसॉल हीथ आणि मोझली या वस्त्यांमधला पट्टा पुढे ‘बाल्टी ट्रँगल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. बाल्टी जन्मली १९७० च्या दशकात, पहिली कुणाची यावर वाद आहेत. स्टोनी लेनवर सुरू झालेलं ‘आदिल्स’ हे हॉटेल १९७७ चा दावा करतं.

या पद्धतीचा जीव भांड्यात आहे. बर्मिंगहॅम हे पत्रे ठोकणारं, साचे काढणारं शहर. तिथेच पातळ पोलादी पत्र्याची, सपाट बुडाची, दोन कानांची वाडग्यासारखी कढई दाबून काढली गेली. पत्रा पातळ असल्याने ती चटकन तापते. एका माणसापुरतं तेल (तूप नाही), कांदा, आलं-लसूण, टोमॅटो, मसाला आणि बिनहाडाचं मांस तिच्यात भडक आचेवर परतायचं आणि ती तशीच, रटरटत, गिऱ्हाइकापुढे ठेवायची. वेगळ्या भांड्यात काढायचं नाही. कडेला चिकटून करपलेला मसाला नानने खरवडून खाणं हा निम्मा आनंद.

बाल्टीवाल्यांकडेही कांद्याचा शिजवलेला रस्सा हाताशी असतो आणि मांस बरेचदा आधी थोडं शिजवलेलं असतं. त्यामुळे ‘ते तयार, हे ताजं’ अशी सोपी वाटणी टिकत नाही. फरक आहे तो रस्सा किती आणि आच किती याचा. करी हाउसमध्ये ग्रेव्ही पदार्थाला व्यापून असते, बाल्टीत परतलेला कांदा-टोमॅटो दाताखाली येतो.

मागवायची रीतही निराळी. करी हाउसमध्ये नाव सांगितलं की तिखटपणा ठरतो: मद्रास म्हणजे इतकं, विंदालू म्हणजे तितकं. बाल्टी हाउसमध्ये आत काय हवं ते जोडत जायचं, म्हणजे चिकन-पालक, मटण-चणे, कोळंबी-मशरूम. करी हाउसमध्ये जोडीला पुलाव आणि बिअर. बाल्टीबरोबर नान, आणि तोही चौघांत फाडून खायचा टेबलभर ‘फॅमिली नान’. काटे-चमचे मागावे लागतात. दारूचा परवाना बरेचदा नसतो, आपली बाटली आपण न्यायची, शेजारचा दुकानदार त्यावरच जगतो.

मग लंडनच्या उपनगरातल्या मेन्यूवरची बाल्टी कुठली? १९९० च्या दशकात बाल्टीची लाट आली, तेव्हा करी हाउसवाल्यांनीही ती मेन्यूवर चढवली. पण पॅन तोच, बेस ग्रेव्ही तीच, थोडी ढोबळी मिरची आणि कोथिंबीर जास्त, आणि शेवटी चकचकीत वाडग्यात ओतायचं. ओळखायला भांड्याची बाहेरची बाजू पुरते. काळीकुट्ट असेल तर ती चुलीवरून आली आहे. तांब्याचा मुलामा आणि ठोक्यांची नक्षी असेल तर ती कपाटातून आली आहे.

थोडं उत्तरेला ब्रॅडफर्डमध्ये लोकही मूळचे मीरपूरकडचेच, पण तिथे जाड कराहीत हाडासकट मटण आणि सोबत चपात्या. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर गुजराती शाकाहारी थाळी. तिथे बाल्टी शोधू नये.

आवडीचं म्हणाल तर मला स्वतःला बर्मिंगहॅमची आवडते. सुकं मटण आणि तव्यावर परतलेला मसाला खात वाढलेल्याला ती लगेच कळते. ज्यांना भातावर ओतायला गुळगुळीत, किंचित गोडसर रस्सा हवा, त्यांनी करी हाउसमध्ये जावं आणि बाल्टी सोडून आंबट-गोड पाथिया किंवा कोर्मा मागवावा, कारण ते तिथल्या स्वयंपाक्यांना मनापासून जमतं. बाल्टी खायची तर बर्मिंगहॅमलाच, आणि फार लांबणीवर टाकू नका. लेडीपूल रोडवरची जुनी बाल्टी हाउसं एकेक करून कमी होत चालली आहेत आणि त्यांच्या जागी ग्रिलची आणि मिठाईची दुकानं येत आहेत.