घड्याळ म्हणतं ६४० कॅलरी, पण मोजल्या कोणी?

रविवारी सकाळी सिंहगडावर एक डायलॉग हमखास ऐकू येतो. कोणीतरी धापा टाकत पुणे दरवाज्यापाशी टेकतो, मनगट वर करून बघतो आणि जाहीर करतो, "सहाशे चाळीस जळल्या! चला, आता भजी चालतील." मग कांदाभजी, पिठलं-भाकरी, वर मडक्यातलं दही. गडावर जाऊन भजी खाण्याला माझा अजिबात विरोध नाही, खायलाच हवीत, पण घड्याळातल्या आकड्याला बँक बॅलन्स समजून तो खर्च करायचा हा जो प्रकार आहे ना, त्याबद्दल बोलू.

आधी साधा हिशोब. चढ ६०० मीटरचा धरू, माणूस ७० किलोचा. शाळेतलं एमजीएच आठवा, वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची. ७० गुणिले ९.८ गुणिले ६००, म्हणजे सुमारे ४ लाख ११ हजार ज्यूल, म्हणजे जेमतेम ९८ कॅलरी (आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती खरी किलोकॅलरी, एक किलो पाणी एक अंशाने तापवणारी). पण स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेतला फार तर पाव हिस्सा कामाला लावतात, बाकीची नुसती उष्णता होते, म्हणून तर शर्ट भिजतो. तेव्हा चढाईचे झाले चारशे. आणि चढायला लागलेला दीड तास तुम्ही घरी सोफ्यावर पडून राहिला असतात तरी शंभरेक जळल्याच असत्या, त्याही बरीच घड्याळं बेरजेत धरतात. म्हणजे घड्याळ अगदीच थापा मारतंय असं नाही, पण ते मोजत नाहीये, अंदाज बांधतंय.

घड्याळ उलटं करून बघा, मागे हिरवा दिवा लुकलुकतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं, ठोक्याबरोबर मनगटात रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो, त्यावरून नाडी कळते. इथपर्यंत ठीक. पुढे ही नाडी, हाताची हालचाल आणि तुम्ही भरलेलं वय-वजन एका सूत्रात टाकून कॅलरी काढतात, आणि ते सूत्र दुसऱ्याच लोकांवरून बनवलेलं असतं. नाडी काय, एप्रिलच्या उन्हाने वाढते, कडक कॉफीने वाढते, चांदणी चौकात अडकल्यावरही वाढते, त्याने चरबी जळत नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली. सातपैकी सहांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती, कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के.

मग खरं मोजतात कसं? हा माझा लाडका भाग आहे, तेव्हा जरा धीर धरा.

माणसाला एक पेला खास पाणी पाजतात. त्यातल्या काही हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असतो, वजन १ च्या ऐवजी २, आणि काही ऑक्सिजन १६ च्या ऐवजी १८ वजनाचा. दोन्ही किरणोत्सारी नाहीत, घाबरायचं कारण नाही. काही तासांत हे पाणी अंगातल्या सगळ्या पाण्यात मिसळतं, मग माणसाला घरी सोडतात, खा-प्या-फिरा, फक्त अधूनमधून लघवीचा नमुना द्या. आता गंमत बघा. ड्यूटेरियम बाहेर पडतो तो पाण्यातूनच, म्हणजे लघवी, घाम, श्वासातली वाफ. जड ऑक्सिजनला मात्र ह्याशिवाय अजून एक दार आहे. पेशींत अन्न जळून झालेला कार्बन डायऑक्साइड रक्तातल्या पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्ल होतं, ते परत फुटतं, परत होतं, कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर हे प्रचंड वेगाने घडवतं, आणि ह्या घडामोडीत पाण्यातले आणि वायूतले ऑक्सिजन अदलाबदल होतात. म्हणजे जड ऑक्सिजन उच्छ्वासातून पण निसटतो. त्यामुळे तो ड्यूटेरियमपेक्षा लवकर संपत जातो, आणि दोघांच्या वेगातला जो फरक तोच उच्छ्वासातून गेलेला कार्बन डायऑक्साइड! (एका रेणूत दोन ऑक्सिजन, म्हणून दोनने भागायचं.) शेवटी वायूवरून ऊर्जा काढताना माणूस साखर जास्त जाळतोय की चरबी हे बघावं लागतं, कारण साखर जळली तर बाहेर टाकलेल्या लिटरमागे साधारण ५ कॅलरी आणि चरबी जळली तर साडेसहाच्या वर. डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा की एक-दोन आठवड्यांचा एकूण खर्च कळतो, तोही मास्क न लावता आणि खोलीत न कोंडता. नेथन लिफसन यांनी १९५५ मध्ये हे उंदरांवर दाखवलं, माणसांवर वापरायला १९८२ उजाडलं कारण जड ऑक्सिजन महाग आणि उंदरापेक्षा माणसाला तो कितीतरी जास्त लागतो.

ह्यावरून एक लक्षात आलं का, की चरबी जाते ती मुख्यतः श्वासातून. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन जाते, उरलेलं १.६ किलो पाणी. लगेच कोणीतरी जोरजोरात श्वास सोडून पोट घटवायचा क्लास काढेल, नव्हे काढलेलेच आहेत. नुसते श्वास वाढवून पेशींतला जाळ वाढत नाही, चक्कर तेवढी येते. घाम काढणाऱ्या पट्ट्याने पाणी जातं, ते पुढच्या तांब्याला परत येतं.

ह्याच जड पाण्याने २०१२ मध्ये हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांचा खर्च मोजला. शिकार आणि कंदमुळांवर जगणारी माणसं, पुरुष रोज ११ किलोमीटरच्या वर चालतात. वजनाचा हिशोब जमेस धरल्यावर त्यांचा दिवसाचा खर्च निघाला पाश्चात्त्य शहरी माणसाएवढाच! पाँट्झर यांचं म्हणणं असं की व्यायाम वाढला की शरीर दुसरीकडे काटकसर करतं. किती करतं ह्यावर अजून भांडणं चालू आहेत, पण "चढलो म्हणून सहाशे चाळीस जमा" ही बेरीज एवढी सरळ नाही हे नक्की.

बरं, खाल्लेलं तरी नीट मोजतो का आपण? ॲपमध्ये "कांदाभजी, १ प्लेट" निवडलं की झालं. कोणाची प्लेट, आणि तेल किती प्यायली ती? पोह्यांच्या मोठ्या चमच्यात १५ मिली तेल धरलं तर त्याच्या १२० कॅलरी होतात, आणि फोडणीला आपण पळीने अंदाजे ओततो, वर "एवढंसंच टाकलंय". १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये, आम्ही १२०० कॅलरींच्या आत खातो तरी वजन उतरत नाही म्हणणाऱ्यांना हेच पाणी देऊन बघितलं. खाणं त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं, व्यायाम ५१ टक्के जास्त. खोटं बोलत होते असं नाही, माणसाला खरंच आठवत नाही.

म्हणून नोंद ठेवूच नका असं मी म्हणणार नाही. आठवडाभर लिहिलं तरी चार वाजताच्या चहाबरोबरची बाकरवडी कागदावर दिसते, फक्त व्यायामाच्या कॅलरी खाण्यातून वजा करू नका. वजनही रोजचं बघून हरखू नका, पहिल्या आठवड्यात जे झरकन उतरतं त्यात ग्लायकोजेन (स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर) आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबरचं तीनेक ग्रॅम पाणी असतं. आठवड्याची सरासरी काढा.

आणि काटा सगळं सांगत नाहीच. ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन यूडकिन, २००४ मध्ये दोघांचा एकत्र फोटो लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) दोघांचा २२.३, पण अंगातली चरबी यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. भारतीय माणूस बारीक दिसतो, चरबी आत पोटाशी बाळगतो. तेव्हा शिवणाच्या डब्यातली टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून मोजायचं. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटरच्या आत, बायकांसाठी ८०. आणि टेप लावताना पोट आत ओढायचं नाही.