पागडी (भाडेव्यवहार)

पागडी : जागेचा ताबा घेताना मासिक भाड्याव्यतिरिक्त घरमालकास किंवा आधीच्या भाडेकरूस एकरकमी दिलेली, परत न मिळणारी रक्कम, तसेच अशा रकमेवर आधारलेली, मुख्यतः मुंबईतील चाळींत व बाजारपेठांत रूढ झालेली भाडेपद्धती.

तिच्या उगमाविषयी एकमत नाही. मोक्याच्या पेढीचा ताबा घेणारा व्यापारी जुन्या व्यापाऱ्यास नावलौकिकाचे मोल देई, त्यातून ती निघाली असे एक मत आहे; ती भाडेनियंत्रणाचेच अपत्य होय, असे दुसरे. मुंबईत भाडेनियंत्रण १९१८ मध्ये तात्पुरते आले, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा लागू झाले आणि १९४७ च्या मुंबई भाडे अधिनियमाने सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच प्रमाण भाडे, म्हणजे घेता येण्याजोगे कमाल भाडे, मानले. त्याच अधिनियमाच्या कलम १८ व १९ अन्वये अनुक्रमे घरमालक व भाडेकरू यांना अशी रक्कम घेण्यास मनाई झाली. त्यावरून तोवर प्रथा बरीच पसरली असावी, असे दिसते. निवासी खोल्यांपुरते तरी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण भाडे गोठले असता आणि शहरात येणाऱ्यांचा ओघ वाढत असता बाजारभावातील फरक वसूल करण्यास घरमालकापुढे दुसरा सोपा मार्ग नव्हता. पावती मात्र केवळ भाड्याचीच मिळे. पागडी देणाऱ्याच्या हाती पुरावा राहत नसे.

आर्थिकदृष्ट्या पागडी म्हणजे अनेक वर्षांच्या भाड्याची आगाऊ उचलच होय. तिच्या बदल्यात भाडेकरूस नाममात्र भाडे आणि जवळजवळ कायमचा ताबा मिळे. कायद्याने संरक्षण असल्याने सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडेही भाडेहक्क जाई. मालकी मात्र मिळत नसे. खोली दुसऱ्यास देताना घरमालकाची संमती लागे व येणाऱ्या रकमेतील, बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास, वाटा त्यास द्यावा लागे. तुटपुंज्या भाड्यात डागडुजीकडे घरमालकाचे दुर्लक्ष झाले आणि अखेर १९६९ च्या अधिनियमान्वये उपकर बसवून दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापावे लागले.

गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणी म्हटले. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने वार्षिक ४ टक्के वाढीस मुभा दिली व कलम ५६ अन्वये पागडी घेणे वैध ठरवले. बँका, तसेच एक कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून या अधिनियमाचे संरक्षण नाही.

नवे निवासी व्यवहार आता बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारानेच, म्हणजे भाडेहक्क न देता केवळ ठराविक मुदतीपुरता वापराचा परवाना देऊन, होतात. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना त्या वर्षीच्या दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला होता. नंतरच्यांना तो नाही. ‘हेवी डिपॉझिट’ या प्रकारात मोठी अनामत ठेवून भाडे नाममात्र ठेवले जाते वा माफ होते. ही रक्कम परतीची असली, तरी मुदतीअखेर ती परत मिळणे घरमालकाच्या ऐपतीवरच अवलंबून असते.