कासवाच्या पायाखालची माती

इंग्लंडमधले निसर्गनिरीक्षक पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी एप्रिल १७७२ च्या एका पत्रात आपल्या आत्याच्या बागेतल्या कासवाचं वर्णन केलं आहे. नोव्हेंबर लागताच ते थंडीच्या झोपेसाठी जागा खणायला लागलं. पुढच्या पायांनी माती उकरायची आणि मागच्या पायांनी ती पाठीवर टाकायची. हे काम इतकं संथ चाललं होतं, की व्हाइट यांना घड्याळाचा तासकाटा आठवला. आत्या गेल्यावर, मार्च १७८० मध्ये, त्यांनी ते कासव जमिनीतून उकरून काढलं, माती भरलेल्या खोक्यात ठेवलं आणि घोडागाडीने ऐंशी मैलांवर आपल्या घरी, सेलबर्नला नेलं. बागेत सोडल्यावर ते दोनदा पार टोकापर्यंत चालत गेलं आणि संध्याकाळी गारठा वाढताच भुसभुशीत मातीत शिरून दिसेनासं झालं.

टिमोथी हे त्याचं नाव. खरं तर ती मादी होती, पण ते कळलं तिच्या मृत्यूनंतर. तिला कुणी अंथरूण निवडून दिलं नव्हतं आणि खेळणीही आणून दिली नव्हती. तरी दोन्ही गोष्टी तिच्यापाशी होत्या. शरद ऋतूत ऊन तिरपं आणि फिकं झालं की ती फळझाडांच्या भिंतीपाशी जायची आणि कवच भिंतीला तिरकं टेकवून जास्त ऊन मिळवायची. माती, भिंत, झाडोरा आणि बदलतं ऊन यांतच तिचा दिवस भरलेला असायचा.

पाळीव कासव बागेतून घरात आलं तेव्हा अंथरूण आणि खेळ या दोन गोष्टी एकमेकींपासून तुटल्या. भूमध्य समुद्राकाठची कासवं विसाव्या शतकात उत्तर युरोपात मोठ्या संख्येने विकली गेली आणि पुढे पाळीव कासव काचेच्या टाकीत राहू लागलं. टाकीत अंथरायचं काय, याचं उत्तर ससे आणि हॅम्स्टर पाळणाऱ्यांकडून उसनं घेतलं गेलं. लाकडाचा भुगा, वाळलेल्या चाऱ्याच्या गोळ्या, नाहीतर वर्तमानपत्र. निकष एकच होता, माणसाला साफ करायला सोपं जावं. त्याचा त्रास मात्र कासवाला झाला. सीडर या झाडाच्या लाकडाच्या भुग्यातली सुगंधी तेलं श्वसनमार्गाला झोंबतात. चाऱ्याच्या गोळ्या ओल्या झाल्या की त्यांना बुरशी येते. नुसती वाळू घासाबरोबर पोटात जाऊन आतड्यात साचू शकते. वर्तमानपत्र स्वच्छ असतं हे खरं आणि आजारी कासवाच्या विष्ठेवर लक्ष ठेवायचं असेल तर काही दिवस ते योग्यही आहे. पण त्यावर पाय घसरतात आणि खणता तर काहीच येत नाही. खणण्यासाठीच घडलेल्या पायांना आयुष्यभर कागदावर ठेवणं मला क्रूर वाटतं.

दुसरा गैरसमज जास्त खोल रुजलेला होता. जमिनीवरचं कासव म्हणजे कोरड्या मुलखातला प्राणी, तेव्हा त्याला सगळं कोरडंच हवं, अशी समजूत होती. पण अमेरिकेतलं वाळवंटी कासव आयुष्याचा बहुतेक काळ बिळात घालवतं. त्याच्याच नात्यातल्या गोफर कासवाचं बीळ सरासरी साडेचार मीटर लांब आणि दोन मीटर खोल असतं आणि साडेतीनशेहून अधिक जातींचे प्राणी त्या बिळांचा आसरा घेतात. वर जमीन भाजत असली तरी बिळातली हवा दमट असते. म्हणजे आपण टाकीत वाळवंटाचा फक्त वरचा थर आणला. कासव जिथे खरोखर राहतं तो थर बाहेरच राहिला.

हे कळायला निमित्त झालं पिल्लांचं. १९८४ मध्ये युरोपीय समुदायाने भूमध्य भागातल्या कासवांच्या व्यापारी आयातीवर बंदी घातली आणि घरच्या घरी पैदास करण्याला महत्त्व आलं. अंड्यातून निघालेली पिल्लं घरात वाढू लागली, तसे त्यांच्या कवचावर एकेका खवल्याचे टोकदार उंचवटे डोळ्यांवर येऊ लागले. याला पिरॅमिडिंग म्हणतात. दोष बरीच वर्षं आहारातल्या जास्तीच्या प्रथिनांना दिला गेला. मग २००३ मध्ये वीस्नर आणि इबेन या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सल्काटा या आफ्रिकी कासवाची ५० पिल्लं वेगवेगळी आर्द्रता आणि वेगवेगळी प्रथिनं देऊन पाच महिने वाढवली. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या कवचावर उंचवटे जास्त आले, दमट हवेत कमी. प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ निघाला. अंथरुणाकडे पाहण्याची दृष्टी माझ्या मते इथे बदलली. नारळाच्या काथ्याचा भुसा, सालींचे तुकडे, खत-कीटकनाशक नसलेली माती हे सगळं ओल धरून ठेवतं, म्हणून ते महत्त्वाचं ठरलं.

एनरिचमेंटची, म्हणजे बंदिस्त प्राण्याच्या दिवसात करण्याजोगं काही ठेवण्याची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. १९०१ मध्ये रॉबर्ट यर्कीस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एका ठिपकेदार कासवाला चक्रव्यूहात सोडलं. पहिल्या खेपेला त्याला पस्तीस मिनिटं लागली आणि विसाव्या खेपेला एक मिनिटही लागलं नाही. या धडपडीचं बक्षीस होतं गवताचं अंधारं घरटं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या प्रयोगात कासव अंथरुणासाठी डोकं चालवत होतं! याच यर्कीस यांनी १९२५ मध्ये लिहिलं, की बंदिस्त वानरांना खेळता किंवा काम करता येईल अशी साधनं दिली पाहिजेत. प्राणिसंग्रहालयांतली ही विचारधारा पुढे वाढली, पण बराच काळ सस्तन प्राण्यांपुरतीच.

ती कासवांपर्यंत यायला वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमधलं एक म्हातारं, मऊ कवचाचं नाईल कासव कारणी लागलं. ते स्वतःच्याच मानेला नखांनी ओरबाडून जखमा करायचं. त्याच्या पाण्यात चेंडू, कडी अशा वस्तू टाकल्यावर ते त्यांच्याशी तासन्‌तास झटू लागलं आणि ओरबाडणं कमी झालं. गॉर्डन बुर्गहार्ट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही निरीक्षणं छापली. जमिनीवरच्या कासवांची समजही हळूहळू पुढे आली. लाल पायांचं कासव दुसऱ्याचं पाहून आडवळणाची वाट शिकतं, हे २०१० मध्ये दिसलं.

माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा प्रयोग २००५ चा. बॉक्स कासव, म्हणजे कवच पेटीसारखं मिटून घेणारं कासव. अशा काही कासवांना नुसत्या वर्तमानपत्रावर ठेवलं. इतरांना सायप्रस नावाच्या झाडाच्या सालींचा थर, कागदाच्या पट्ट्या आणि लपायला खोकं दिलं. कागदावरची कासवं निसटायच्या धडपडीत जास्त वेळ घालवत होती आणि त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या प्रमाणातही ताण दिसत होता. निवड करू दिली तेव्हा कासवांनी सालींची जागा पसंत केली. अंथरूण आणि एनरिचमेंट ही दोन खाती इथे पुन्हा एक झाली.

म्हणून कासवाला काय अंथरावं याचं उत्तर जातीपासून सुरू होतं. भूमध्य भागातल्या कासवाला माती आणि थोडी वाळू यांचं मिश्रण मानवतं. ते वरून कोरडं आणि आत ओलसर असावं. लाल पायांच्या कासवाला साली आणि काथ्याची दमट जमीन लागते. ओल जोखायला मूठ पुरते: मिश्रण दाबलं की गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी निथळू नये. खोली निदान एवढी हवी, की कासवाला पूर्ण गाडून घेता येईल. मग त्यात एक चपटा दगड, चढायला छोटा उंचवटा, आडोसा, खाता येतील अशी रोपं. सगळं एकाच दिवशी उलथंपालथं करू नये, कारण त्याला जागा पाठ झालेली असते. आणि कासव दिवसभर काचेला पाय घासत फिरत असेल, तर नवं खेळणं आणण्याआधी त्याच्या पायाखाली बोट खुपसून माती किती खोल आहे ते पाहावं.