ट्रॅकवर टीसी चालू की बंद? वादामागची पन्नास वर्षं

हार्बर लाइनवर वाढलेल्या माणसाला ‘टीसी’ म्हटलं की तिकीट तपासणारा काळा कोट आठवतो. नेरूळ-वाशीच्या टपऱ्यांवर रविवारी सकाळी बाइकवरून माळशेजहून परतलेली मंडळी मात्र दुसऱ्याच टीसीबद्दल भांडत असतात: ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे इंजिनच्या जोराने चाक घसरून मोकळं फिरायला लागलं की तो जोर आपोआप कमी करणारी यंत्रणा. त्यातला एखादा पहिल्यांदाच रेसट्रॅकवर शिकायला चेन्नईला निघालेला असला की सल्ले सुरू. एक म्हणतो, “बंद कर रे, नाहीतर हाताला काही कळणारच नाही.” दुसरा म्हणतो, “बंद करून बघ, गाडी टेम्पोत भरून आणावी लागेल.” दोघंही ऐकीवच सांगत असतात आणि दोघांनी ऐकलेलं वेगवेगळ्या दशकातलं असतं.

मुळात या यंत्रणेचा रेसशी काही संबंध नव्हता. 1971 मध्ये ब्यूइक या अमेरिकन कार कंपनीने आपल्या मोठ्या गाड्यांसाठी ‘मॅक्स-ट्रॅक’ नावाची सोय आणली. पुढच्या चाकाचा वेग आणि गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा वेग यांची तुलना करायची, मागची चाकं जास्त फिरायला लागली की क्षणभर इग्निशन (इंजिनला मिळणारी ठिणगी) तोडायचं, एवढंच तिचं काम. बर्फाने किंवा पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर गाडी जागच्या जागी चाकं फिरवत राहू नये, हा हेतू. ती फार टिकली नाही. मग 1978 मध्ये बॉश या जर्मन कंपनीचं एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं आणि चाकांवर वेग मोजणारे सेन्सर बसले. ब्रेक मारताना चाक अडकतंय का हे ज्या सेन्सरला कळतं, त्यालाच रेस देताना चाक मोकळं फिरतंय का हेही कळतं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बॉशने याच सामग्रीवर चारचाकींचं ट्रॅक्शन कंट्रोल उभं केलं. चाक जरा घसरलं की इंजिनचा जोर दाबा, असा त्या काळातल्या यंत्रणांचा खाक्या. ‘टीसीने गाडी लंगडी होते’ ही तक्रार तेव्हाची आहे आणि तेव्हा ती खरीच होती.

खरी होती, कारण टायरचा स्वभाव वेगळा आहे. टायरची पकड सगळ्यात जास्त असते ती तो अजिबात घसरत नसताना नव्हे, तर थोडासा घसरत असताना. कोरड्या डांबरावर साधारण दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास. रस्त्यावरच्या गाडीला ही घसरण नकोच असते, रेसच्या गाडीला नेमकी तेवढीच हवी असते. फॉर्म्युला वनमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल शिरलं ते या दुसऱ्या कामासाठी. 1992 मध्ये नायजेल मॅन्सेल विजेता ठरला त्या विल्यम्स एफडब्ल्यू 14 बी गाडीत ते होतं. ड्रायव्हरचं कसब इलेक्ट्रॉनिक्स खाऊन टाकतंय अशी ओरड झाली आणि 1994 पासून बंदी आली. पण सॉफ्टवेअर काही बॉनेट उघडून दिसत नाही. कोण लपूनछपून वापरतंय हे शोधता येईना, संशय मात्र वाढत गेला. शेवटी 2001 च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून ते पुन्हा रीतसर झालं. 2008 मध्ये सगळ्या संघांना एकच ठरावीक ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, देण्यात आला आणि ते परत बंद झालं. ‘खरा ड्रायव्हर टीसी लावत नाही’ हे टपरीवरचं वाक्य बहुधा या भांडणातूनच घरंगळत आलंय. पण ती बंदी शर्यत चुरशीची राहावी म्हणून होती. शिकाऊ माणसाने कसं शिकावं, हा प्रश्न तिथे कुणी विचारलाच नव्हता.

दुचाकीची गोष्ट जास्त जिवावरची. कारचं मागचं चाक सटकलं तर ती गोल फिरते. बाइकचं सटकलं आणि घाबरून थ्रॉटल (रेसची मूठ) सोडला, तर टायर अचानक पकड घेतो आणि गाडी माणसाला वर उडवून पलीकडे टाकते. यालाच हायसाइड म्हणतात. 500 सीसीच्या टू-स्ट्रोक रेस बाइकनी अशी कित्येक हाडं मोडली. 1992 मध्ये होंडाने आपल्या एनएसआर 500 या रेस बाइकमध्ये सगळ्या सिलिंडरचे स्फोट एकमेकांच्या लगत आणले, म्हणजे दोन धक्क्यांच्या मध्ये टायरला सावरायला थोडी उसंत मिळावी. माझ्या मते बाइकवरचं हे एक अस्सल ट्रॅक्शन कंट्रोलच, फक्त त्यात एकही तार नाही!

मग इलेक्ट्रॉनिक्स आलंच. 2008 ची डुकाटी 1098 आर, पाठोपाठ 2009 ची बीएमडब्ल्यू एस 1000 आरआर. बीएमडब्ल्यूत रेन, स्पोर्ट, रेस आणि स्लिक असे चार मोड होते. त्यातला सगळ्यात सैल मोड, स्लिक, सीटखाली एक वेगळा प्लग खोचल्याशिवाय उघडत नसे. शिकाऊ हातांबद्दल बनवणाऱ्यांचं मत काय होतं, ते त्या प्लगमध्ये आलं.

या बीएमडब्ल्यूला गाडी किती झुकली आहे हेही समजत होतं आणि आपल्याकडच्या वादात नेमका हाच मुद्दा निसटतो. बाइक झुकली की मागचा टायर कडेवर चालतो, त्याचा घेर लहान होतो आणि चाक थोडं जास्त फिरतं. झुकाव न मोजणाऱ्या साध्या यंत्रणेला ही घसरण वाटू शकते. पुढचं चाक जरा उचललं गेलं तरी तिचा असाच गोंधळ होतो. महागड्या बाइकवर झुकाव मोजणारे सेन्सर असतात, त्यामुळे एका गाडीवरचा अनुभव दुसऱ्या गाडीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

भारतात एप्रिल 2018 पासून 125 सीसीवरच्या नव्या मॉडेलना आणि 2019 पासून अशा सगळ्याच दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. सेन्सर गाडीवर आले, पुढचं काम स्वस्त झालं. 2021 मध्ये यामाहाने 155 सीसीच्या आर 15 मध्ये टीसी दिलं. खरं सांगायचं तर अठरा-एक अश्वशक्तीची ती गाडी कोरड्या ट्रॅकवर मागचं चाक सहजी फिरवूच शकत नाही. तिचं टीसी जास्त उपयोगी पडेल ते जूनच्या पहिल्या सरीत, पाम बीच रोडवर तेलाचा तवंग आलेला असताना. 390 सीसीच्या पुढच्या गाड्यांवर मात्र या वादाला अर्थ आहे.

ठाणे-नवी मुंबईत ट्रॅक नाही. पाम बीच किंवा घोडबंदरच्या रिकाम्या सरळ पट्ट्याला ट्रॅक समजणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं. शिकायचं तर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टाई, कोइम्बतूरचा कारी स्पीडवे, नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. तिथे जाणाऱ्याला मी टीसी चालू ठेवायला सांगतो, पण मीटरवरच्या दिव्याकडे लक्ष ठेवून. प्रत्येक लॅपला एकाच कॉर्नरमधून बाहेर पडताना दिवा लुकलुकत असेल, तर बहुतेक वेळा गाडी सरळ होण्याआधीच थ्रॉटल उघडला जातोय. दिवा कुठे लागतो ते लक्षात ठेवायचं आणि पुढच्या लॅपला तिथे हात हलका ठेवायचा. पुढचं चाक सटकलं किंवा कॉर्नरमध्ये फारच वेगात शिरलो, तर टीसी काहीच करत नाही.

आमच्यातले तिघे पुढच्या महिन्यात इरुंगट्टुकोट्टाईला निघालेत. दोघांच्या गाडीला टीसीचं बटण आहे आणि ते दाबायचं की नाही, यावर त्यांचं अजून ठरत नाहीये. तिसऱ्याच्या जुन्या गाडीला बटणच नाही. त्याने गुपचूप नवे टायर घालून घेतलेत.